रवळनाथ या नावाचा अर्थ काय? आजच्या काळात मुलाला हे नाव ठेवलं तर चालेल का? शाळेत मुलं चिडवतील का? आणि हे नाव किती जण ठेवतात?

'चालेल का' वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. माझं नाव रवळनाथ आहे आणि ते गेली ५८ वर्षं चालतंय. मधली पाच वर्षं तेवढी चाललं नाही, पण त्यात नावाचा दोष नव्हता. ते पुढे येईलच.

आधी अर्थ. रवळनाथ हा आमच्या कोकण-गोव्याकडचा ग्रामदेव. माझ्या मते रवळ म्हणजे राऊळच. संस्कृतातलं राजकुल, प्राकृतात राउल, मराठीत राऊळ. आधी राजाचा वाडा, मग देवाचा. त्याच शब्दाची पुढे पदवी झाली: मेवाडचा बाप्पा रावळ, महानुभावांचे चांगदेव राऊळ आणि गुंडम राऊळ. बद्रीनाथ आणि केदारनाथच्या मुख्य पुजाऱ्याला आजही रावलच म्हणतात. दुसरी बाजू नाथपंथाची. त्यांच्या बारा पंथांत रावळ नावाचा एक पंथ आहे, आणि नावाच्या शेवटी नाथ तर उघड बसलेला आहे. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटतच नाहीत. मूर्ती बघा ना. उभा देव, हातांत खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि पानपात्र. ठेवण सरळ भैरवाची. घाटावर ज्योतिबालाही केदारनाथ म्हणतात आणि रवळनाथही म्हणतात. आजरा, चंदगडला तो आहे, गोव्यात पेडण्याच्या पुनवेला भूतनाथाबरोबर त्याची तरंगं, म्हणजे देवाचे सजवलेले खांब, निघतात, आणि आमच्या सिंधुदुर्गात तर सातेरी, भूमिका, पावणाई या ग्रामदेवतांच्या पंगतीत तो गावोगाव बसलेला आहे. एका नातेवाइकाने मला 'रवळ म्हणजे रवी, म्हणून रवळनाथ म्हणजे सूर्य' असा मेसेज पाठवला होता. तो फॉरवर्ड करू नका.

आता हे नाव मला कसं मिळालं ते. दादा आणि मी यांच्यात आठ वर्षांचं अंतर आहे. मधली दोन भावंडं वर्षाच्या आत गेली. माझ्या वेळी बाबा सुईणीच्या आधी देवळात गेले. गुरवाने पाषाणाला कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हटलं, आणि उजवा कौल पडला, म्हणजे देवाचा होकार. पोर जगलं तर देवाचं नाव, असं तिथल्या तिथे ठरलं. तेव्हा आमचा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता, सिंधुदुर्ग १९८१ साली झाला. त्यामुळे माझ्या कागदांवर जिल्हेही दोन आहेत आणि नावं साडेतीन: रवळनाथ, रावळनाथ, रवलनाथ, आणि एका पावतीवर रावणनाथ.

घरात मला रवळनाथ कोणी म्हणत नसे, कारण देवाच्या नावाने शिवी घालता येत नाही. आई चिडली की मी बाबल. चांगली चिडली की बाबल्या. रवळनाथ फक्त दोनदा ऐकू यायचं, शाळेच्या हजेरीत आणि जत्रेच्या गाऱ्हाण्यात. गाऱ्हाण्यात ऐकलं की लहानपणी मला वाटायचं, एवढे सगळे मानकरी हात जोडून माझ्याशीच बोलतायत.

तुम्ही विचारलंय, मुलं चिडवतील का. चिडवतात. आमच्याकडे तांदूळ धुवायच्या बांबूच्या टोपलीला रवळी म्हणतात, त्यामुळे शाळेत मी चार वर्षं रवळी होतो. पण त्याच वर्गात एका प्रकाशला ते 'बल्ब' म्हणायचे आणि एका विजयला काय म्हणायचे ते इथे लिहिता येणार नाही. चिडवणाऱ्याला नाव पुरत नाही असं कधी झालंय का?

खरी गंमत मुंबईत झाली. १९९० साली अंधेरीच्या एका कंपनीत लागलो. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, एवढं लांब कोण बोलणार, तू रवी. मी हसलो. हसलो म्हणजे कबूल झालं. हजेरीच्या कार्डावर रवी, टेलिफोनच्या यादीत रवी, पेढे वाटले तरी 'रवीचे पेढे'. मुलाखतीच्या आधीच दादाने सल्ला दिला होता, 'गॅझेटमध्ये राहुल करून टाक, सुटशील.' तेवढं मी केलं नव्हतं, म्हणून स्वतःला फार शूर समजत होतो.

१९९३ च्या मे महिन्यात बाबा न सांगता आले. रात्रभर एसटीने प्रवास, डोक्यावर हापूसची पेटी, पिशवीत आमसुलं आणि आगळाची बाटली. खोलीला कुलूप दिसलं म्हणून पत्ता विचारत थेट ऑफिसच्या फाटकावर. वॉचमनला म्हणाले, रवळनाथाला बोलवा. तो म्हणाला, 'इधर रवलनाथ कोई नहीं है.' बाबांनी कागद दाखवला. त्याने आत फोन केला, आतूनही तेच उत्तर. पत्ता बरोबर, कंपनी बरोबर, मुलगा नाही.

बाबा कुठे गेले नाहीत. पेटी भिंतीच्या सावलीत ठेवली आणि शेजारी फूटपाथवर बसले. दोन तास. जेवणाच्या सुट्टीत मी चहाला बाहेर पडलो तेव्हा दिसले. ते काही बोलायच्या आतच मागून आमचा एक जण ओरडला, 'रवी, कटिंग सांग रे!' आणि मी वळलो.

तेव्हा बाबा काहीच बोलले नाहीत. रात्री पेज जेवून झाल्यावर, ताटात हात धुता धुता एवढंच म्हणाले, 'देवाक इचारून ठेयलला नाव, तू मानसांक इचारून बदललंस?' आवाज चढवला नाही. आठ दिवस राहणार होते, पाचव्या दिवशी परत गेले.

लोकांच्या तोंडी माझं नाव सरळ करायला मला आणखी दोन वर्षं लागली, हे लिहायला लाज वाटते. आधी टेबलावर पुठ्ठ्याची पाटी लावली, त्यावर मराठीत रवळनाथ. कोणीतरी ती उलटी ठेवायचं. मग रवी म्हणून हाक आली की ओ देणं बंद केलं. साहेबांना राग आला, एक इन्क्रिमेंट लांबलं असा माझा समज आहे. १९९५ च्या गणपतीनंतर मात्र सगळे रवलनाथ म्हणू लागले. ल चा ळ शेवटपर्यंत झाला नाही. हिंदीवाल्याच्या जिभेला ळ नसतो, तो हट्ट मी सोडला.

हे नाव किती जण ठेवतात, असंही तुम्ही विचारलंय. आमच्या वाडीत माझ्या पिढीत तीन रवळू होते: थोरलो रवळू, मास्तरांचो रवळू आणि मी. आज वाडीतल्या पोरांत एकही नाही. माझी भाची कुडाळ तालुक्यात शिक्षिका आहे, तिच्या शाळेच्या हजेरीवरही नाही. नाव गेलं कुठे म्हणाल, तर रिक्षांच्या काचेवर, होड्यांच्या नाळेवर आणि वाण्याच्या दुकानाच्या पाटीवर. 'श्री देव रवळनाथ प्रसन्न' लिहायला सगळे तयार असतात. पाळण्यात ठेवायला कोणी नाही. दसऱ्याला तरंगं निघाली की याच देवासाठी सुट्टी काढून मुंबईहून गाड्या भरून येतात, अवसर आला, म्हणजे कुणाच्या अंगात देव आला, की पाया पडतात, आणि परत जाऊन पोराचं नाव असं ठेवतात की ते कोकणातलं आहे की कॅनडातलं, याचा पत्ता लागू नये.

इथे दादाचं म्हणणं सांगतो, कारण तुम्हालाही कोणीतरी तेच सांगत असणार. तो म्हणतो, देवाचं नाव देवाला शोभतं, माणसाला फॉर्ममध्ये मावणारं नाव हवं. शिवाय अशा नावावरून लोक तुमचं गाव ओळखतात, आणि गावावरून बाकीचं ओळखायला बघतात. दुसरा मुद्दा खरा आहे, नाकारत नाही. पण गाव ओळखलं तर बिघडलं कुठे? परळला, नागपूरला, एकदा तर दुबईच्या विमानतळावर केवळ नाव ऐकून माणूस मालवणीत बोलायला लागलाय माझ्याशी. पहिल्या मुद्द्याबद्दल म्हणाल, तर दादाच्या मोठ्या मुलाने पोराचं नाव रेयांश ठेवलं. वर्गात तीन रेयांश आहेत, बाई त्यांना आडनावाने हाक मारतात. फॉर्ममध्ये मावलं, वर्गात मावलं नाही.

ठेवणार असाल तर एक काम आधी करा. घरात सगळ्यांनी बसून इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा. व्ही घालायचा की डब्ल्यू, हे जन्मदाखल्यावर जे जाईल तेच शाळेत, आधारवर आणि पासपोर्टवर अक्षर न अक्षर तसंच. मी व्ही म्हणेन. सगळा शब्द एकत्र लिहा, मध्ये जागा सोडलीत की नाथ हे आडनाव होतं आणि विमानाच्या तिकिटावर तुम्ही मिस्टर नाथ. ठरत नसेल तर घाईही नाही. जन्माची नोंद नावाशिवाय झाली असेल तर १२ महिन्यांपर्यंत फुकट आणि पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं. आणि कौल लावणार असाल तर डावा पडला तरी ऐकायची तयारी ठेवून लावा. उजवा पडेपर्यंत लावत बसणारे मी पाहिलेत.

हेही कबूल करतो की मला दोन मुली आहेत. मुलगा असता तर मी हे नाव ठेवलं असतं का, बायकोने ठेवू दिलं असतं का, याची परीक्षा कधी झालीच नाही. तिचं मत वेगळं आहे. ती म्हणते, हाक मारताना सुटसुटीत हवं. ती स्वतः मला 'अहो' म्हणते, तेव्हा तिला काय फरक पडतो ते कळत नाही.

जाता जाता एक शंका. दादाच्या धाकट्या मुलाकडे पुढच्या महिन्यात पाळणा हलणार आहे आणि घरात नावावरून काय चाललंय ते माझ्या कानावर आलंय. विचारणारा तूच असशील तर थेट फोन कर. आणि तुझे बाबा आडवे आले तर त्यांना एवढंच विचार, १९५९ साली त्यांचं सुभाष नाव ठेवलं तेव्हा वाडीत आधीचे सुभाष किती होते. मला आई सांगायची, चार.