अंगणातली अबार्थ

प्रश्न : काका, मी खानापूरचा, वय 26. दोन महिन्यांमागं पुण्यातून फियाटची 2016 ची अबार्थ पुंटो गाडी घेतली. 71 हजार किलोमीटर झालेत. विकणाऱ्यानं 'सगळं करून दिलंय' म्हणून सांगितलं, पण बिल एकही नाही. चढाला गाडी ओढत नाही आणि टर्बो लागला की बॉनेटखालून फुस्स असा आवाज येतो. माझ्याजवळ 60 हजार रुपये आहेत. मित्र म्हणतात, रिमॅप कर (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदल), मोठा फिल्टर आणि सायलेन्सर बसव, 25-30 हॉर्सपॉवर वाढतील. घरी अंगण आहे, पाने आहेत. कुठनं सुरू करू?

उत्तर : तुझं पत्र तीनदा वाचलं. ही गाडी माझ्या जिव्हाळ्याची. 2015 च्या ऑक्टोबरात ती आपल्याकडं विकायला आली. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात बांधलेली, 1368 सीसीचं टर्बोवालं टी-जेट इंजिन, 145 हॉर्सपॉवर, 212 न्यूटन-मीटर टॉर्क आणि चारही चाकांना डिस्क. याच घराण्याचं इंजिन माझ्या लिनिया टी-जेटमध्ये आहे. बेळगावात अनगोळच्या आमच्या घरापुढं ती गेली सात वर्षं उभी आहे आणि तिचं बहुतेक काम मी स्वतःच करतो. त्याआधी तीस वर्षं उद्यमबागेत सिलिंडर हेडचं काम केलं, म्हणजे सीट कटिंग, गाईड, फेसिंग. त्यामुळं पहिला प्रश्न माझ्या तोंडून एकच निघतो : टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा रबरी पट्टा, कधी बदललाय?

मी लिनिया घेतली तेव्हा मलाही 'बेल्ट नवीन आहे' असंच सांगितलं होतं. घरी आल्यावर वरचं कव्हर सोडलं, टॉर्च धरून आत बघितलं. बेल्टच्या पाठीवर छापलेली अक्षरं अजून वाचता येत होती, आणि साल होतं गाडीच्याच जन्माचं. बेल्ट अंगठ्यानं थोडा मुडपला तर दातांच्या मुळाशी केसांएवढ्या बारीक भेगा दिसल्या. त्या दिवसापासून बेल्ट बदलेपर्यंत मी चावीला हात लावला नाही. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. असं वाकडे व्हॉल्व्ह घेऊन आलेलं हेड टेबलावर ठेवलं की गाडीमालकाचा चेहरा कसा होतो, ते मी फार वेळा बघितलंय.

तेव्हा तुझ्या 60 हजारातला पहिला खर्च हाच. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप तिन्ही एकदम. किलोमीटर कमी आहेत म्हणून थांबू नकोस, रबराला वय असतं. आणि हे काम अंगणात करायचं नाही. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, जागच्या जागी धरून ठेवायला या इंजिनाची खास हत्यारं लागतात, ती फियाटवर काम केलेल्या मिस्त्रीकडंच असतात. बेळगावात किंवा कोल्हापुरात असा माणूस शोध, काम चालू असताना समोर उभा राहा आणि जुना बेल्ट मागून घे. नवा कुठल्या तारखेला, किती किलोमीटरला बसला ते खडूनं नको, कायमच्या शाईनं कव्हरवर लिही.

आता फुस्स आवाज. हा मात्र पूर्ण तुझ्या हातातला आहे. रविवारची सकाळ ठेव त्यासाठी.

टर्बो हवा दाबतो, ती हवा पाइपातून इंटरकूलरला जाते, तिथनं गार होऊन इंजिनात. वाटेत रबरी होज आहेत, जुबली क्लिपा आहेत, साठलेला दाब सोडणारा एक डंप व्हॉल्व्ह आहे. दहा वर्षांत यातलं काहीतरी सैल होतं नाहीतर फाटतं. हवा बाहेर गेली की जोर गेला, आणि तुझी दोन्ही लक्षणं यातच बसतात. गाडी नुसती चालू ठेवून हे सापडत नाही, कारण आयडलला मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा वाटून देणाऱ्या नळ्यांत, दाब नसतो, उलट ओढ असते. म्हणून बाहेरून दाब द्यायचा.

टर्बोकडं हवा नेणाऱ्या होजचं तोंड व्हर्नियरनं मोज. नळाच्या सामानाच्या दुकानातून त्या मापाची पीव्हीसीची एंड कॅप आण. मधोमध भोक पाडून तिच्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसव, पंक्चरवाल्याकडं मिळतो. इंजिन बंद आणि थंड असताना कॅप टर्बोच्या तोंडाच्या जितकी जवळ बसेल तितकी जवळ क्लिपनं आवळ. मध्ये क्रँककेसच्या ब्रीदरची (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी) नळी येत असेल तर ती काढून तिच्या जागी बूच मार. मग सायकलच्या पंपानं सावकाश हवा भर, 8 ते 10 पीएसआय, त्यावर जाऊ नकोस, नाहीतर ऑइल सीलवर ताण येतो. कॅपच्या समोर तोंड ठेवायचं नाही, सुटली तर गोळीसारखी येते.

भांडी घासायच्या साबणाचं पाणी फवाऱ्यात भरून एकेका जोडावर मार. जिथं गळती आहे तिथं पांढरा फेस फुगत येतो. माझ्या गाडीत तो इंटरकूलरच्या खालच्या होजला आला, वरून हात फिरवून कधीच कळला नसता अशा जागी. क्लिप रबरात रुतून तिथंच चीर पडली होती. होज बदलला आणि जोर परत आला. तुझ्याकडं होज चांगला निघाला तर डंप व्हॉल्व्हचा पडदा बघ.

हे करताना प्लगही काढशील, तर एवढं ऐक. हेड अॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लगला पाना लावू नकोस. नवा प्लग बसवताना त्याच्या मागच्या चिनी मातीच्या टोकावर पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा घाल आणि नळी बोटांनी फिरवत प्लग आट्यात सोड. आटा तिरका लागला तर नळी बोटातच घसरते, हेड वाचतं. शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनं, पुस्तकात दिलेल्या आकड्याला. आटे गेलेली हेडं मी हेलिकॉइल, म्हणजे स्प्रिंगसारखा तारेचा नवा आटा, घालून दुरुस्त केलीत, पण मूळ आट्याची सर त्याला नाही.

ऑइल पूर्ण सिंथेटिक 5डब्ल्यू-40, वर्षातून एकदा, फिल्टरसकट, गाडी फिरो न फिरो. टर्बोचा दांडा याच ऑइलवर तरंगतो. घाट चढून आलास की लगेच चावी काढू नकोस, मिनिटभर इंजिन शांत चालू दे. नाहीतर तापलेल्या टर्बोत ऑइल जागच्या जागी जळून कोळसा धरतं. कूलंटमध्ये बोअरचं पाणी कधीच नाही, डिस्टिल्डच. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर धरतो.

आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या बघ. आता पंपावरच्या पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल असतं, आपल्याच भागातल्या उसाचंही त्यात असेल. तुझी गाडी त्याच्या आधीची. नळी दाबून बघ : मऊ पडलीय, फुगलीय किंवा बाहेरून ओलसर आहे, तर बदल. पेट्रोलचा वास येतोय आणि जागा सापडत नाही, असं असेल तर गाडी चालवूच नको.

ब्रेक. इथं मी तुला हात जोडून सांगतो. तू खानापूरचा, म्हणजे जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटानं गोव्याला जाणार, हे मला माहीत आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 4 दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी धरल्यावर हीच हमी 155 वर येते. कणकुंबीच्या पावसात दोन-तीन वर्षं काढलेलं ऑइल आणि चोर्ल्याचा उतार एकत्र आले की चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये (पॅड दाबणाऱ्या भागात) वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. पेडल खाली जातं आणि गाडी तशीच पुढं. दर दोन वर्षांनी ऑइल बदल. घरी दोघांत होतं : एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं कॅलिपरवरचा ब्लीडर (जुनं ऑइल काढायचा स्क्रू) सोडून परत आवळायचं, मगच पेडल सोडायचं. डबा नव्यानं फोडलेला पाहिजे. मागच्या वर्षी उरलेलं, बूच लावून ठेवलेलं ऑइल चालत नाही.

टायरवर चार आकडे असतात. 2316 म्हणजे 2016 सालचा 23 वा आठवडा. गाडीबरोबर आलेलेच टायर अजून असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, काढ.

आता रिमॅप. होत नाही असं नाही, टर्बो इंजिनात ते सहज होतं. पण गळक्या होजवर, म्हाताऱ्या बेल्टवर आणि पाणी धरलेल्या ब्रेकवर तू आणखी 30 घोडे चढवणार, हे मला पटत नाही. शिवाय मूळ गाडीत तू अजून बसलेलाच नाहीस! ती 145 ची कशी पळते ते तुला दोन महिन्यांत कळलेलं नाही, कारण तुला ती 145 ची मिळालीच नाही. गळती काढ, प्लग घाल, सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड बदल, मग पहाटे रिकाम्या रस्त्यानं जांबोटीपर्यंत जाऊन ये आणि मला परत पत्र लिही.

अंगणाबद्दल एक. तुमच्याकडं शहाबादी फरशी असेल तर गाडी टेकवायच्या स्टँडचे पाय थेट तिच्यावर ठेवू नकोस, एका बिंदूवर भार आला की फरशी फुटते आणि गाडी कलते. खाली सागाची जाड फळी घाल. मातीवर तर फळीशिवाय नाहीच. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, नट उचलायला सुद्धा नाही.

प्रश्न : आम्ही निपाणीचे. भावानं कोल्हापूरहून एमएच-09 ची पोलो जीटी घेतलीय. नंबर तसाच ठेवून चालवली तर चालेल का? इथं निम्म्या गाड्या एमएचच्याच दिसतात.

उत्तर : दिसतात, कारण आपली सोयरीक, बाजार, दवाखाना सगळं दोन्ही बाजूंना आहे. येणं-जाणं वेगळं आणि गाडी इथंच ठेवणं वेगळं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणं दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. कोल्हापूरच्या आरटीओकडून नमुना 28 वर ना-हरकत दाखला काढा. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचं पत्र. मग चिकोडीला नमुना 27 वर अर्ज, नावावर करायला 29 आणि 30, आणि कर्नाटकचा आजीवन कर गाडीचं वय बघून. इथला कर भरला की महाराष्ट्रात भरलेल्यातला उरलेला परत मागता येतो, त्यासाठी पावत्या जपून ठेवा. हा कराचा आकडा गाडीचा सौदा करतानाच धरायचा असतो. तुमचा सौदा झालाय, तर निदान दाखल्याला उशीर करू नका.

प्रश्न : मुलानं जुनी स्पोर्ट्स गाडी घेऊन तिला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावलाय. गल्लीतले लोक बोलतात, पोलिसांनी दंड केला. तो म्हणतो हा छंद आहे. मी काय सांगू? (एक आई, हिंदवाडी)

उत्तर : ताई, छंद चांगलाच आहे, तो मोडू नका. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केलंय. अपघात झाला तर विमा कंपनी याच सायलेन्सरवर बोट ठेवू शकते, हे त्याला नक्की सांगा. जुना सायलेन्सर टाकला नसेल तर परत बसवायला सांगा, आणि गल्लीतल्या लोकांपुढं त्यानं स्वतः बसवावा. वेगाची हौस असेल तर कोल्हापूरकडं गो-कार्टिंग आहे, आणि लांब कोइंबतूर आणि चेन्नईला खरे रेसट्रॅक आहेत. तिथं शिकलेली पोरं रस्त्यावर शांत चालवतात, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न : सांबऱ्याहून लिहितोय. जुन्या ऑक्टाविया आरएसचे मागचे ब्रेक पॅड घरी बदलायला घेतले. पुढचे सहज झाले. मागं सी-क्लँपनं कितीही दाबलं तरी पिस्टन आत जाईना. गाडी दोन दिवस स्टँडवर आहे.

उत्तर : क्लँप आधी सोडा! मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा आहे, त्यामुळं तो पिस्टन दाबून जात नाही, दाबत दाबत फिरवावा लागतो. जोर लावत राहिलात तर आतली यंत्रणा मोडते आणि पूर्ण कॅलिपर घ्यावा लागतो. पिस्टनच्या तोंडावर दोन खाचा दिसतील. त्यांत बसणारं वाइंडबॅक नावाचं हत्यार मिळतं, एका दिवसापुरतं कुठल्याही चांगल्या गॅरेजवाल्याकडून मागून आणा. हँडब्रेक पूर्ण खाली सोडा, ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण सैल करा, आणि घड्याळाच्या दिशेनं सावकाश फिरवा. रबरी बूट पिस्टनबरोबर पिळला जातोय का ते दर फेऱ्याला बघा, पिळला तर बोटानं सोडवा. सगळं बसल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट लागेपर्यंत दहा-बारा वेळा दाबा, मग टाकीतली पातळी बघून झाकण लावा. दारातून बाहेर काढताना पहिला ब्रेक सायकलच्या वेगात मारून बघा.