1980 चे उपविजेते 2025 साली ‘पहिल्यांदाच पात्र’ कसे?

तुम्ही दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून विचारलंय. बातमी म्हणते, भारताचा महिला फुटबॉल संघ मैदानावर जिंकून आशियाई चषकाला पहिल्यांदाच पात्र ठरला. आणि जुन्या विजेत्यांची यादी काढली तर 1980 आणि 1983 या दोन्ही स्पर्धांत उपविजेता म्हणून भारताचंच नाव. मग यातलं खोटं काय?

खोटं काहीच नाही. तेव्हा पात्रता फेरी नावाचा प्रकारच नव्हता. ज्याला यायचंय त्याने नाव द्यायचं, तिकिटाची सोय बघायची आणि यायचं. त्यामुळे ‘पात्र ठरलो’ हे 2025 आधी कधी म्हणता आलं नाही आणि ‘आशियात दुसरे’ हे 1983 नंतर कधी म्हणता आलं नाही. प्रश्नाचं उत्तर इथे संपतं. पण मधली बेचाळीस वर्षं कुठे गेली हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण मी कोल्हापूरची आहे आणि फुटबॉलवर चार वाक्यांत थांबणं आमच्या पाण्यात नाही.

आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचेच, म्हणून माणूस आधी कुठल्या पेठेचा आणि कुठल्या तालमीचा हे विचारतात, आडनाव नंतर. आबा (माझे वडील) पाटाकडीलचे. मामाकडचे सगळे खंडोबाचे. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर सामना असेल त्या दिवशी जेवणाच्या वेळा बदलायच्या आणि पाटाकडील-खंडोबा सामना असेल तर घरातलं बोलणंही. मी लहानपणी आबांच्या खांद्यावरून, मग त्यांच्या शेजारी गॅलरीत बसून सामने बघितले. सातवीत गेल्यावर ‘आता मोठी झालीस’ म्हणून ते बंद झालं. कुणी रागावलं नाही, ओरडलं नाही. एका रविवारी आबा एकटेच चप्पल घालून निघाले, बस्स.

त्याच आबांना भारतीय फुटबॉल तोंडपाठ आहे. 1951 चं दिल्लीतलं आशियाई सुवर्ण, 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर, नेव्हिल डिसूझाची ऑस्ट्रेलियाविरुद्धची हॅटट्रिक, 1962 ला जकार्तात दक्षिण कोरियाला 2-1 ने हरवलं ते. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना 1980 च्या कालिकतच्या स्पर्धेचं सांगितलं, तर म्हणाले, “आपल्या पोरी? आशियात दुसऱ्या? मग इतकी वर्सं कुणी बोललं कसं न्हाई?”

तर कालिकतचं आधी.

बायकांचा फुटबॉल त्या काळात फिफाच्या दारात उभाच नव्हता. आशियात एशियन लेडीज फुटबॉल कॉन्फेडरेशन नावाची वेगळी संस्था 1968 पासून होती, तिने 1975 साली हाँगकाँगला पहिली आशियाई स्पर्धा घेतली. त्याच वर्षी आपल्याकडे विमेन्स फुटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया उभी राहिली. पुरुषांचा कारभार बघणाऱ्या महासंघाशी तिचा संबंध नव्हता. म्हणजे वेगळी चूल, वेगळं भांडं आणि भांड्यात फारसं काही नाही. तरी पाचच वर्षांत, जानेवारी 1980 मध्ये, आशियाई स्पर्धा भारतात झाली. केरळात, कालिकतला. ती 1979 ची स्पर्धा म्हणून नोंदली जाते, म्हणून यादीत कधी हे वर्ष दिसतं, कधी ते.

त्या स्पर्धेत भारताने दोन संघ उतरवले होते, दक्षिण आणि उत्तर. शिवाय तैवानचा संघ (कागदोपत्री चायनीज तैपेई), हाँगकाँग, फिलिपिन्स आणि चक्क पश्चिम ऑस्ट्रेलियाहून आलेला एक संघ. आज वाचताना हे गावच्या जत्रेतल्या सामन्यांसारखं वाटतं. पण अंतिम सामन्यापर्यंत भारताचा दक्षिण संघ पोचला आणि तैवानकडून 2-0 ने हरला. पुढच्या वर्षी, 1981 ला, हाँगकाँगमध्ये भारत तिसरा. 1983 ला बँकॉकमध्ये पुन्हा अंतिम सामना, या वेळी समोर थायलंड, आणि पुन्हा हार. हे थायलंड लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

काही जण म्हणतात, त्यात काय मोठं, चीन तर तेव्हा नव्हताच. बरोबर आहे. पण मी याकडे उलट्या बाजूने बघते. इंग्लंडमध्ये 1921 पासून जवळपास पन्नास वर्षं क्लबच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी होती. पश्चिम जर्मनीच्या महासंघाने 1955 ते 1970 बंदी घातली होती. ब्राझीलमध्ये तर 1941 चा सरकारी हुकूम होता, तो उठला 1979 ला. म्हणजे ब्राझीलच्या बायकांना कायद्याने चेंडूला पाय लावता यायला लागला आणि काही महिन्यांत इकडे कालिकतला आपल्या पोरी आशियाई अंतिम सामना खेळत होत्या. आपण शर्यतीत मागून आलो नव्हतो. सुरुवातीच्या रेषेवर सगळ्यांच्या बरोबरीने उभे होतो, किंबहुना एक पाऊल पुढेच.

त्या पिढीतली शांती मलिक. 1983 ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, फुटबॉलमधली पहिली महिला. तो पुरस्कार पुन्हा एखाद्या महिला फुटबॉलपटूला कधी मिळाला माहितीये? 2017 ला, मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवीला. चौतीस वर्षांनी. मला वाटतं, मधल्या काळाचं वर्णन करायला हा एक आकडा पुरेसा आहे, पण अजून आहेत.

1986 ला चीन पहिल्यांदा या स्पर्धेत आला आणि आल्याआल्या जिंकला. मग 1999 पर्यंत ओळीने सात वेळा जिंकला. त्याच सुमारास आशियाई महासंघाने बायकांची संस्था आपल्यात घेतली, 1991 ला चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला, सरकारं आणि महासंघ पैसा ओतू लागले. जपान, कोरिया, चीन यांच्याकडे शिबिरं, प्रशिक्षक, शाळा-कॉलेजातून येणारी मुलींची रांग. आपल्याकडे नव्वदीच्या सुरुवातीला महिला फुटबॉल मोठ्या महासंघात विलीन झाला, आणि मोठ्या एकत्र कुटुंबात धाकट्या जावेचं होतं तसं झालं. जेवायला आहे, पण वाढतात शेवटी.

निकाल बघा. डिसेंबर 1998, बँकॉक आशियाई खेळ, चीनकडून 16-0. हे वाचून हसणाऱ्याला मी एकच सांगते: हाच चीनचा संघ सात महिन्यांनी अमेरिकेत विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला आणि फक्त टायब्रेकरवर हरला. त्यांच्यासमोर वर्षातून मोजके सामने खेळणाऱ्या पोरी उभ्या केल्या होत्या. 2003 नंतर 2022 पर्यंत आपण आशियाई स्पर्धेच्या मुख्य फेरीत दिसलोच नाही. आणि 2009 ला तर फिफाने क्रमवारीतून भारताचं नाव काढून टाकलं, कारण दीड वर्षात संघाने एकही सामना खेळला नव्हता. हरलो म्हणून नाही. खेळलोच नाही म्हणून. आमच्या तालमीचा संघ एक हंगाम उतरला नाही तर पेठेत लोक चौकात जाब विचारतील. इथे देशाचा संघ दीड वर्ष घरी बसला आणि त्याची साधी बातमीही झाली नाही.

2010 पासून दक्षिण आशियाई म्हणजे सॅफ स्पर्धा सुरू झाली आणि तिथे आपण राजे. कॉक्स बझार, कोलंबो, इस्लामाबाद, सिलिगुडी, बिराटनगर, पाच स्पर्धा, पाचही विजेतेपदं. भूतानला 18-0 हरवलं तेही पहिल्याच स्पर्धेत. पण गल्लीतल्या विजयाने काय होतं ते 2014 च्या इंचॉन आशियाई खेळांत दिसलं. मालदीवला 15-0, आणि त्याच स्पर्धेत दक्षिण कोरियाकडून 0-10, थायलंडकडूनही 0-10. ज्या थायलंडशी 1983 ला अंतिम सामना खेळलो होतो, ते. आणि 2022 ला काठमांडूत गल्लीही हातातून गेली. बांगलादेशने 3-0 ने धुतलं, उपांत्य सामन्यात नेपाळने घरी पाठवलं.

2022 हे वर्ष मला आजही बोचतं. आशियाई चषक भारतात, सामने नवी मुंबई, अंधेरी आणि पुण्याला बालेवाडीत. कोल्हापूरहून बालेवाडी म्हणजे सकाळी निघून रात्री परत येण्याचं अंतर. भारत यजमान म्हणून थेट आत. 20 जानेवारीला इराणशी 0-0, जिंकायला हवा होता असा सामना. आणि 23 तारखेला तैपेईविरुद्ध उतरायचं तर संघात इतक्या जणींना करोना की तेरा खेळाडूही उभ्या करता येईनात. सामना रद्द, भारत स्पर्धेबाहेर, आधीचा निकालही पुसला गेला. माझी लेक तेव्हा अकरा वर्षांची होती, टीव्हीसमोर बूट घालून बसलेली. “मम्मी, मग आपण हरलो का?” तिला काय सांगायचं? हरायलासुद्धा मिळालं नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं. अकरा दिवसांतच उठवलं, पण तेवढ्यात गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. न खेळता परत आल्या. भांडण पुरुषांच्या खुर्च्यांचं, आणि विमानातून रिकाम्या हाताने उतरल्या या. ऑक्टोबरमध्ये 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आपल्याकडे झाला, त्यात अमेरिकेकडून 0-8, मोरोक्कोकडून 0-3, ब्राझीलकडून 0-5.

तरी एक गोष्ट मी त्या काळातली जपून ठेवलीय. नोव्हेंबर 2021, ब्राझीलचं मनाउस शहर. फोर्मिगा या त्यांच्या महान खेळाडूचा निरोपाचा सामना. आपण 6-1 ने हरलो. पण तो जो एक आहे ना, तो पंजाबच्या मनीषा कल्याणचा. बरोबरीचा गोल होता तो, 1-1. डावीकडून सुसाट सुटली आणि ब्राझीलच्या जाळ्यात चेंडू. इंटरनेटवर सापडेल, बघाच. मनीषा पुढे सायप्रसच्या क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्येही खेळली. तिच्या आधी बाला देवी 2020 ला स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली होती.

आता 2025. पात्रता फेरी थायलंडमध्ये, चियांग माईला. भारताने मंगोलियाला 13-0, तिमोर लेस्तेला 4-0, इराकला 5-0 हरवलं. थायलंडनेही तिघांना धुतलं. शेवटच्या सामन्याआधी दोघांचे गुण सारखे आणि गोलफरकही सारखाच, 22. आमच्या शब्दात, ईर्षेचा सामना. गटातून एकच संघ जाणार. मैदान त्यांचं, प्रेक्षक त्यांचे, क्रमवारीत ते आपल्यापेक्षा बरेच वर. 5 जुलै. बंगालची संगीता बासफोर, सशस्त्र सीमा बलात नोकरी करणारी, हिने पूर्वार्धात लांबून गोल मारला. मध्यंतरानंतर लगेच थायलंडने फेडला. आणि 74 व्या मिनिटाला पुन्हा संगीता. 2-1. 1983 च्या अंतिम सामन्यात हरवणारे ते, 2014 ला दहा गोल चढवणारे ते, आणि त्यांच्याच अंगणात त्यांना बाहेर काढलं. ‘पहिल्यांदाच पात्र’ या दोन शब्दांमागे हे एवढं आहे. (बांगलादेशही त्याच आठवड्यात पहिल्यांदा पात्र ठरलं, त्यामुळे शेजारच्या घरावरही लक्ष ठेवायला हवं.)

तुम्ही शेवटी विचारलंय, कोल्हापूर एवढं फुटबॉलवेडं, मग मुलींचं काय? काहीच नाही असं नाही. एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ 2018-19 च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये लुधियानाला खेळला, पुढच्या हंगामात बंगळुरूला. नेमबाजीत याच शहराने तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत दिल्या, तेव्हा पोरींना खेळू न देणारं गाव आहे असंही कुणी म्हणू नये. पण ज्या वेडाने पुरुषांच्या सामन्याला गॅलरी भरते, ते वेड मुलींच्या सामन्याला मी अजून पाहिलेलं नाही. आबाही त्यातलेच होते. आता नातीला सरावाला सोडायला तेच जातात आणि दोन तास रेषेबाहेर उभं राहून तिच्या प्रशिक्षकाला सल्ले देतात. लेक घरी आली की म्हणते, “मी दोन गोल मारलो.” आम्हा कोल्हापूरच्या बायकांचं बोलणं असंच, ‘मी आलो, मी गेलो’, शाळेतल्या बाई किती वेळा दुरुस्त करोत.

हा आशियाई चषक मार्च 2026 चा, ऑस्ट्रेलियातला, आणि तिथूनच 2027 च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकाची दारं उघडणारा. भारताची मोठ्या मुलींची टीम विश्वचषकात आजवर एकदाही खेळलेली नाही. गट अवघड. गट जाहीर झाले त्या संध्याकाळी लेकीने मोबाईलवरून नावं वाचून दाखवली: जपान, व्हिएतनाम, चायनीज तैपेई. आबा पेपरातून मान वर करून म्हणाले, “तैपेई म्हंजे तैवानच न्हवं? कालिकतवालं?”

हो म्हटलं.

“मग दोन गोल द्यायचं बाकी हाईत,” म्हणाले, आणि परत पेपरात शिरले.