जुन्या वेलींची पहिली बाटली घेताना

जुन्या द्राक्षवेलींची वाइन चाखायची तर सुरुवात चिलीच्या माउले खोऱ्यातल्या कारिन्यानने, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाच्या रेड वाइनने करा. लेबलवर नुसतं ‘जुन्या वेली’ छापलेलं असेल तर भुलू नका, बहुतेक देशांत त्याला कायद्याची व्याख्याच नाही. ‘विग्नो’ (तिथल्या कारिन्यान उत्पादकांच्या गटाचं नाव) लिहिलेली बाटली शोधा. तिथे वेली किमान 30 वर्षांच्या आणि कोरडवाहू असाव्यात, हा त्या उत्पादकांचा स्वतःचा नियम आहे. ना ठिबक, ना मांडव. झुडपासारख्या बुटक्या वेली, ओलीच्या शोधात खोल गेलेली मुळं आणि घड मोजकेच. आंबटपणा चांगलाच जाणवेल, टॅनिनने (द्राक्षाच्या सालीबियांतल्या तुरट घटकाने) जीभही थोडी आवळेल. म्हणून नुसती पिऊ नका, मटणाबरोबर घ्या (फार तिखट रश्शाबरोबर मात्र नको). आणि रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी, हे आपल्या उन्हाळ्यात विसरा! अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग ग्लासात ओतून जरा थांबा.