आकाशवाणी झाली की आकाशवाणीवर झाली?

अनुवाद करणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रश्न आहे. मजकुरात रेडिओ सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या जुन्या रेडिओ केंद्राचा उल्लेख होता, तिथे तिने 'सिलोनची आकाशवाणी' असं लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'सिलोन नभोवाणी' केलं. ती विचारते, आकाश म्हणजे नभ आणि वाणी दोन्हीकडे तीच, मग एक चूक आणि दुसरं बरोबर कसं?

संपादकांची दुरुस्ती मला पटते, निदान अर्धी तरी. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे, पण आकाशवाणी हे आता विशेषनाम झालं आहे आणि नभोवाणी सामान्यनामच राहिलं आहे.

हे विशेषनाम मुळात सरकारी नव्हतं. आपल्याकडचं नियमित प्रसारण 23 जुलै 1927 रोजी मुंबईत सुरू झालं, ते 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी' या खाजगी कंपनीचं. तीन वर्षांच्या आत कंपनी बुडाली, 1930 मध्ये सरकारने कारभार हाती घेतला आणि 'इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस' असं लांबलचक नाव ठेवलं. 1935 मध्ये बीबीसीतून लायोनेल फील्डन इथे प्रमुख म्हणून आले. त्यांना हे नाव मुळीच आवडलं नाही. पुढचा किस्सा त्यांनीच आठवणींत सांगितला आहे. एका मेजवानीनंतर त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गाठलं, नावाची अडचण सांगितली आणि बोलता बोलता त्यांच्याच तोंडून आधी 'ऑल इंडिया' आणि मग 'रेडिओ' हे शब्द काढून घेतले. वर, आद्याक्षरं किती सुंदर जुळतात म्हणून कौतुकही केलं! नाव आपल्यालाच सुचलं अशा समजात व्हाइसरॉय खूश. 8 जून 1936 पासून 'ऑल इंडिया रेडिओ' रूढ झालं. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की होतं 'एअर', म्हणजे हवा.

तोवर म्हैसूरमध्ये वेगळंच घडलं होतं. महाराजा कॉलेजातले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी सप्टेंबर 1935 मध्ये स्वतःच्या घरातून छोटंसं प्रसारण केंद्र सुरू केलं. त्या केंद्राचं नाव 'आकाशवाणी'. ते सुचवल्याचं श्रेय बहुधा कन्नड लेखक ना. कस्तुरी यांना दिलं जातं. म्हणजे एका प्राध्यापकाच्या घरातलं नाव 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात साऱ्या देशाच्या प्रसारणसंस्थेला मिळालं. त्या वेळी नभोवाणी खात्याचे मंत्री होते पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. चित्रपटगीतांवरच्या त्यांच्या रागामुळे श्रोते सिलोनकडे वळले, हे सिलोनच्याच चर्चेत सांगायला हरकत नाही.

आता थोडं शास्त्र. तर्कसंग्रह या न्यायशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात आकाशाची व्याख्या आहे 'शब्दगुणकम् आकाशम्'. ज्याचा गुण शब्द, ते आकाश. वायूचा गुण मात्र स्पर्श. तेव्हा आपल्या नैयायिकांना, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांना विचारलं असतं तर त्यांनी इंग्रजांचं 'एअर' नापास करून म्हैसूरला पूर्ण गुण दिले असते. (विज्ञानाला हे मान्य नाही, पण इथे प्रश्न शब्दांचा आहे.)

गंमत म्हणजे ज्या प्रसंगामुळे आकाशवाणी हा शब्द घराघरांत पोचला, तिथे मूळ संस्कृतात तो नाही. देवकीच्या वरातीत रथाचे लगाम धरून बसलेल्या कंसाला जी वाणी ऐकू आली, तिला भागवत 'अशरीरवाक्' म्हणतं. शाकुंतलातही कण्वाला शकुंतलेच्या विवाहाची बातमी 'शरीरं विना' आलेली छंदोमय वाणीच देते. जोर आहे तो देह नसण्यावर. आवाज आभाळातून आला, हे नंतर ठळक झालं. रेडिओला खरं तर 'अशरीरवाणी' जास्त शोभलं असतं, पण रोज सकाळी हे नाव ऐकून बातम्या लावण्याचं धैर्य कुणाला झालं असतं?

नभोवाणीची गोष्ट साधी आहे. नभस् अधिक वाणी, विसर्गसंधीने नभोवाणी, जसं मनोरथ. म्हणून 'नभवाणी' लिहू नये. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या शब्दांच्या ज्या याद्या फिरतात त्यांत हाही शब्द असतो. तो सामान्यनाम असल्याचा पुरावा त्याच्या गोतावळ्यात मिळतो. नभोनाट्य झालं, आकाशनाट्य झालं नाही. कन्नडमध्येही अशीच वाटणी आहे. ज्या भाषेच्या प्रदेशात आकाशवाणी हे नाव जन्मलं, तिथे रेडिओसाठी 'बानुली' हा शब्द आहे. बान म्हणजे आभाळ, उली म्हणजे ध्वनी. तमिळांचा 'वानोली' नेमका त्याच घडणीचा. आकाशवाणीला तमिळनाडूत विरोध होत आला, अगदी 2023 मध्ये इंग्रजी नाव बाजूला सारण्याचा आदेश निघाला तेव्हाही. अर्थ तर दोन्हींचा तोच, वाद परका शब्द लादण्याचा. बंगालीने आभाळाकडे न बघता तारेकडे बघून 'बेतार' केलं. आपल्याकडे तसाच 'बिनतारी' होता, पण तो पोलिसांच्या संदेशयंत्रणेकडे राहिला.

'ब्रॉडकास्ट' हा शब्द मुळात शेतातला, मुठीने बी विखरून पेरण्याचा. आपला शेतकरी याला 'फोकून पेरणं' म्हणतो. तो शब्द इथवर आला नाही. आपण प्रक्षेपण आणि सहक्षेपण केलं. 'सातच्या बातम्या फोकल्या' ऐकायला मला तरी आवडलं असतं.

बोलीत तिन्ही शब्दांच्या जागा ठरलेल्या आहेत. आकाशवाणीवर नभोनाट्य लागतं आणि ते आपण रेडिओवर ऐकतो. 'आकाशवाणी लाव' असं घरात कुणी म्हणत नाही. पुराणातली आणि सरकारी आकाशवाणी ओळखायची तर प्रत्यय बघावा. पुराणातली 'होते', सरकारीला 'वर' किंवा 'वरून' लागतो. 'तुला काय आकाशवाणी झाली होती?' असं आई विचारते, तेव्हा ती मुंबई केंद्राबद्दल बोलत नसते.

म्हणून बीबीसीला 'ब्रिटनची आकाशवाणी' म्हणणं म्हणजे तिकडच्या रेल्वेला 'ब्रिटनची कोकण रेल्वे' म्हणण्यासारखं. माध्यमाबद्दल लिहायचं तर 'ब्रिटिश नभोवाणी' चालेल. मात्र संपादकांशी माझा अर्धा मतभेद आहे तो इथे, की रेडिओ सिलोन हेही विशेषनामच. ते 'रेडिओ सिलोन' असंच ठेवावं, नभोवाणीही नको.