बंद घराचा नळ आणि खालच्यांचं छत

प्रश्न : कोथरूडमधल्या एका नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थेत तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं बंगळुरूला आहोत. फ्लॅट कुलूपबंद आहे, भाड्यानं दिलेला नाही, मेंटेनन्स वेळेवर भरतो. मार्चमध्ये मामांना घर झाडून घ्यायला पाठवलं. त्या दिवशी इमारतीत पाणी नव्हतं. त्यांनी बाथरूमचा नळ फिरवून पाहिला आणि तो तसाच उघडा राहिला. झुरळं येऊ नयेत म्हणून आम्ही नहाणीच्या जाळीवर फरशीचा तुकडा ठेवला होता. रात्री पाणी आलं आणि खालच्यांचं पीओपी छत व कपाटं भिजली. आमचा फोन लागला नाही म्हणून सचिवांनी कुलूप तोडलं, गच्चीवरून आमचं पाणी बंद केलं आणि दाराला स्वतःचं कुलूप लावलं. खालचे 2 लाख 40 हजार मागतात. समितीनं ती रक्कम आमच्या बिलात टाकली, वर बिनभोगवटा शुल्कही (नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस) लावलं. सगळं भरल्याशिवाय पाणी सोडणार नाही, असं म्हणतात. गणपतीला आई-बाबा तिथे राहायला जाणार आहेत. काय करावं?

उत्तर : कडू भाग आधी सांगते. खालच्यांच्या नुकसानीची जबाबदारी बहुतांशी तुमचीच आहे. ‘आम्ही तिथे नव्हतोच’ हा बचाव होऊ शकत नाही. घर बंद असलं तरी नळाला पाणी येणार हे मालकाला माहीत असतं, आणि ते खाली जाणार नाही याची वाजवी काळजी त्यानं घ्यायची असते.

पाणी साठवलं आणि ते निसटलं की दोष असो-नसो भरपाई द्यायची, असा एक जुना इंग्रजी दंडक आहे. पण तो घरातल्या रोजच्या नळांना लागत नाही. 1913 साली मेलबर्नचं एक प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश वसाहतींसाठीच्या लंडनमधल्या वरिष्ठ अपील न्यायालयापुढे, गेलं होतं. कुणा खोडसाळानं वरच्या मजल्यावरच्या बेसिनचं भोक बुजवून नळ सोडून दिला आणि खालच्या भाडेकरूचा माल भिजला. इमारत ज्याच्या ताब्यात होती त्याला न्यायालयानं जबाबदार धरलं नाही, कारण घरात नळ असणं हा जागेचा नेहमीचाच वापर आणि त्या रात्रीचं कृत्य परक्या माणसाचं. तुमचं दुर्दैव असं की तुमच्याकडे परका कुणी नव्हता. मामा तुमच्या सांगण्यावरून, तुमच्या कामाला गेले होते, त्यामुळे त्यांचा विसर तुमच्या खात्यावर येतो. आणि ती फरशी! जाळी उघडी असती तर बरंचसं पाणी निचऱ्यातून गेलं असतं. समोरचा वकील नळापेक्षा त्या फरशीवरच जास्त बोलेल. (झुरळांवर उपाय हवाच असेल तर जाताना नहाणीत थोडं पाणी ओतून वर चमचाभर खाद्यतेल सोडावं. ट्रॅपमधलं (जाळीखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या भागातलं) पाणी लवकर आटत नाही आणि वाट मोकळी राहते.)

मात्र जबाबदारी मान्य करणं वेगळं आणि 2 लाख 40 हजार मान्य करणं वेगळं. भरपाई प्रत्यक्ष नुकसानीची असते, नव्या सजावटीची नाही. बारा वर्षं जुन्या पीओपीच्या बदल्यात अख्ख्या घराचं नवं छत मागता येत नाही. भिजलेली खोली कोणती, कपाटं किती जुनी, दुरुस्ती होण्यासारखी आहे का, हे विचारा. फोटो, बिलं आणि दोन स्वतंत्र कंत्राटदारांचे अंदाज मागा. त्यांचा गृहविमा आहे का, हेही विचारा. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटून किंवा भरून वाहून झालेलं नुकसान येतं. विमा कंपनीनं त्यांना पैसे दिले तर तेवढ्यापुरती ती पुढे तुमच्याकडे वळू शकते, पण एकच नुकसान दोनदा वसूल होत नाही. त्यांना दावा लावायला घटनेपासून तीन वर्षं आहेत, म्हणून ‘बघू नंतर’ म्हणून विषय विरून जाईल अशी आशा धरू नका. माझं मत विचाराल तर बसून वाजवी आकड्यावर मिटवा. त्यांना रोज त्याच जिन्यानं जायचं आहे, आणि तुमच्या आई-बाबांनाही.

आता कुलपाबद्दल. तुमच्या पत्रात सर्वांत जास्त राग इथे दिसतो, आणि कायदा इथेच तुमच्या बाजूनं सर्वांत कमी आहे. घरात पाणी धो-धो वाहतंय, मालक फोनवर मिळत नाही, अशा वेळी मोठं नुकसान टाळण्यासाठी चांगल्या हेतूनं केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 19 चं संरक्षण आहे. फौजदारी अतिक्रमणाची तक्रार टिकणार नाही. पण ती गरज नळ बंद झाला तिथे संपली. त्यानंतर आपलं कुलूप लावून किल्ली महिनोन्‌महिने स्वतःकडे ठेवण्याचा अधिकार सचिवांना नाही. आत शिरताना कोण होतं, काय पाहिलं याचा पंचनामा आणि फोटो मागा, किल्ली पावती देऊन ताब्यात घ्या. कुलूपवाल्याचं बिल मात्र भरून टाका.

बिलाचं गणित समितीनं चुकवलं आहे. शेजाऱ्याची भरपाई हे संस्थेचं देणं नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 154ब-29 खाली वसूल होते ती संस्थेची थकबाकी. दोन सदस्यांमधल्या नुकसानीचा आकडा समितीनं ठरवून बिलात बसवला म्हणून तो थकबाकी होत नाही. तो ठरवायचा तर न्यायालयानं, किंवा तुम्ही दोघांनी. बिनभोगवटा शुल्क तर मुळातच लागू नाही. ते फ्लॅट दुसऱ्याला वापरायला दिला तर लागतं, आणि तेव्हाही 2001 च्या शासन आदेशानुसार सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. स्वतःच्या घराला कुलूप लावणं म्हणजे ते दुसऱ्याला देणं नव्हे. याउलट, ‘नळ उघडलाच नाही तर पाणीपट्टी कसली’ असं अनेक जण विचारतात, त्यांना माझं उत्तर आवडत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) पाण्याचा खर्च फ्लॅटमधल्या नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर वाटला जातो, वापरावर नाही. सर्वसाधारण सभेनं मीटर बसवायचा किंवा सवलतीचा ठराव केला तरच फरक पडेल.

एक गोष्ट मात्र तपासून पाहा : त्या दिवशी इमारतीत पाणी गेलं होतं ते का, आणि डक्टमधली (पाइप जातात त्या उभ्या पोकळीतली) सामाईक पाइपलाइन तर गळत नव्हती ना? बाहेरच्या सामाईक पाइपची गळती संस्थेनं दुरुस्त करायची असते, घरातली तुम्ही. खालच्यांच्या भिंतीवर जुनी ओल असेल तर ती तुमच्या नळाची नाही.

राहिलं पाणी. त्या रात्री व्हॉल्व्ह बंद करणं योग्यच होतं. पण पैसे वसूल होईपर्यंत तो बंद ठेवणं हे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, 1963 च्या कलम 12अ मध्ये बसतं. समितीचा सदस्य, सचिव किंवा इमारतीच्या व्यवस्थापनाशी संबंधित कुणीही, योग्य आणि पुरेशा कारणाशिवाय फ्लॅटधारकाचा अत्यावश्यक पुरवठा तोडू, रोखू किंवा कमी करू शकत नाही, आणि अत्यावश्यक पुरवठ्यात पाण्याचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. ‘घर तर बंदच आहे, कुणाचं काय अडलं’ या समितीच्या म्हणण्याला अर्थ नाही. आई-बाबा येणार असल्याचं तारखेसह लेखी कळवा, म्हणजे तेही म्हणता येणार नाही.

पत्र असं लिहा : ‘माझे सर्व हक्क व बचाव अबाधित ठेवून’ अशी सुरुवात. नियमित मेंटेनन्स, पाणीखर्च आणि कुलूपवाल्याचं बिल सोबत भरत आहे, शेजाऱ्यांची भरपाई आणि बिनभोगवटा शुल्क यांना हरकत आहे, किल्ली द्यावी, अमुक तारखेपर्यंत पाणी पूर्ववत करावं. ईमेल करा आणि स्पीड पोस्टानंही पाठवा. वादात नसलेली रक्कम मात्र थांबवू नका, नाहीतर तुम्ही खरेच थकबाकीदार ठराल आणि 21 टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकेल. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार, आणि पाणी व बिल या दोन्हींसाठी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात दावा व तातडीच्या आदेशाचा अर्ज. गणपतीआधी आदेश हवा असेल तर श्रावण उजाडायची वाट पाहू नका.

पाणी सुरू झालं की मामांना प्लंबरसोबत गच्चीवर पाठवा. कोथरूडच्या जुन्या इमारतींत स्वयंपाकघराला बहुधा कॉर्पोरेशनची थेट लाइन असते आणि बाथरूम-संडासला टाकीच्या दोन-तीन वेगळ्या. गच्चीवरचा एक कॉक फिरवला की सगळं बंद झालं, हा समज त्यामुळेच महागात पडतो. प्रत्येक व्हॉल्व्हवर फ्लॅटचा नंबर रंगवून घ्या, फोटो काढा आणि परत बंगळुरूला निघण्याच्या दिवशी ‘सर्व व्हॉल्व्ह बंद केले, किल्ली अमुक शेजाऱ्यांकडे, फोन हा’ एवढं सचिवांना ईमेलनं कळवा. उद्या काही झालं तर काळजी घेतल्याचा हाच पुरावा. आणि आई-बाबांना सांगा, गेल्या गेल्या गीझर लावू नका. आधी गरम पाण्याच्या नळाला पाणी येऊ द्या.