इंग्रजी ‘फी’ आणि आपला ‘पशू’ एकाच मुळातले आहेत का?

बहुधा हो, पण फी आडवाटेने आली. आद्य जर्मानिक (इंग्रजी, जर्मन वगैरेंची पूर्वज भाषा) *फेहु म्हणजे गुरंढोरं, त्यावरून मालमत्ता. हे रूप कुठे लिहिलेलं नाही, तुलनेतून उभं केलंय; म्हणून शब्दाआधी * ही तारेची खूण. त्यामागे आद्य भारोपीय (संस्कृत, लॅटिन, जर्मानिक यांची समान पूर्वज भाषा) *पेकु. ग्रिमच्या नियमाने (जर्मानिकमध्ये व्यंजनं कशी बदलली ते सांगणारा नियम) ‘प’चा ‘फ’ झाला, ‘क’चा ‘ह’. संस्कृतात तोच शब्द पशु, लॅटिनमध्ये पेकुस.

गॉथिकमध्ये (एक लुप्त जर्मानिक भाषा) फाइहु म्हणजे पैसा. आइसलँडिकमध्ये तर मेंढ्या आणि पैसा दोन्हींना एकच शब्द, आजही! जुन्या इंग्रजीतला फेओह मागे पडला. आजची फी फ्रेंचमार्गे, बहुधा फ्रँकिशमधल्या (फ्रँक लोकांची जुनी जर्मानिक भाषा) याच शब्दावरून आली. गंमत म्हणजे जर्मनमध्येही या शब्दाचा उच्चार ‘फी’च, अर्थ मात्र गुरं.