जुने ब्रिटिश भयपट आज बघितले तर भीती वाटते का? सुरुवात कुठून करावी?

‘दोरीला टांगलेली रबरी वटवाघळं आणि टोमॅटो सॉसचं रक्त’ असलेले हॅमर या ब्रिटिश कंपनीचे सिनेमे आठवून लोक एवढे हळवे का होतात, असं तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात. हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकते आहे, जवळजवळ याच शब्दांत, माझ्या धाकट्या दिरांच्या तोंडून. त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी वटवाघळाचं मिटवू. हॅमरचा १९५८ चा ‘ड्रॅक्युला’, दिग्दर्शक टेरेन्स फिशर. ख्रिस्तोफर ली ड्रॅक्युला, पीटर कुशिंग व्हॅन हेल्सिंग. या सिनेमात वटवाघूळ नाही. एकसुद्धा नाही. उलट त्यातला आर्थर म्हणतो की हे रक्तपिपासू लोक वटवाघळाचं, लांडग्याचं रूप घेतात असं ऐकून होतो, तर व्हॅन हेल्सिंग त्याला तिथल्या तिथे सांगतो की हा लोकांचा गैरसमज आहे. दोरीवरचं वटवाघूळ आहे ते १९६० च्या ‘द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला’त, आणि १९७० च्या ‘स्कार्स ऑफ ड्रॅक्युला’त त्याहून वाईट. ती वाईट आहेत हे मी कधीच नाकारलेलं नाही. पण एका सिनेमाचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायचं आणि ते चार लग्नांत हसत सांगायचं, हे मला पटत नाही.

मी मूळची मिरजेची. १९७४ च्या सप्टेंबरात नर्सिंगसाठी इंग्लंडला आले, केंटमधल्या एका इस्पितळात. भाषा येत होती, काम येत होतं, पण संध्याकाळी चारला अंधार पडतो म्हणजे काय, हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात मी खोलीत बसून नुसती रडायचे. नर्सेस होमच्या खाली एक बैठकीची खोली होती, तिथे टीव्ही आणि दोन कांड्यांचा विजेचा हीटर. नाइट ड्यूटी करून करून झोपेचं गणित बिघडलेल्या आम्ही दोघीतिघी सुट्टीच्या रात्रीही तिथेच जागत बसायचो. एका रात्री अकराच्या पुढे हा सिनेमा लागला.

सुरुवातीलाच दगडी शवपेटी, तिच्यावर ड्रॅक्युलाचं नाव, आणि वरून कुठून तरी त्या नावावर रक्त सांडतं. लालभडक. मी दचकले ती त्या रंगाने. आदल्याच आठवड्यात सर्जिकल वॉर्डात एका पेशंटची धमनी उघडी पडली होती आणि माझा अ‍ॅप्रन छातीपासून गुडघ्यापर्यंत भिजला होता. धमनीचं ताजं रक्त अगदी त्याच रंगाचं असतं. सगळ्यांना वाटतं रक्त काळपट असतं, कारण लोकांनी बघितलेलं असतं ते वाळलेलं किंवा शिरेतून काढलेलं. चादरीवर पडून थोडा वेळ गेला की ते तपकिरी होतं. आधी नाही. टोमॅटो सॉस म्हणणाऱ्यांनी एक शिफ्ट कॅज्युअल्टीत काढावी आणि मग बोलावं.

मग तो जिना. जिन्याच्या वर एक काळी आकृती येऊन उभी राहते, संगीत चढतं (जेम्स बर्नार्डने ड्रॅ-क्यु-ला या तीन अक्षरांवरच ती धून बांधली आहे, एकदा कानात बसली की जात नाही), आणि आता काहीतरी भयंकर होणार म्हणून आपण श्वास धरतो. तर ड्रॅक्युला भराभर जिना उतरतो आणि सभ्यपणे पाहुण्याचं स्वागत करतो. सहा फूट पाच इंचांचा माणूस, स्वच्छ उच्चार, सामान स्वतः उचलून पाहुण्याला वर घेऊन जातो. सुरुवातीचे हे प्रसंग झाले की पुढे सिनेमाभर तो एक शब्दही बोलत नाही. पुन्हा समोर येतो तेव्हा डोळे लाल आणि तोंड रक्ताने माखलेलं. इतका शिष्ट माणूस असा निघतो, यात जी भीती आहे ती दार धाडकन आपटून येत नाही. आमच्या वाड्याच्या मागे पिंपळ होता, त्यावर मुंजा आहे असं आजी सांगायची. त्या मुंजाला मी कधी घाबरले नाही, कारण तो कधी कुणाशी गोड बोलला नव्हता.

पण मला धरून ठेवलं ते कुशिंगने. व्हॅन हेल्सिंग हा डॉक्टर आहे, मांत्रिक नाही. तो फोनोग्राफवर नोंदी करतो. मिनाला रक्त कमी पडतं तर तिच्या नवऱ्याला, आर्थरला, शेजारी झोपवून त्याचं रक्त तिला चढवतो. सिनेमातली गोष्ट १८८५ ची आहे आणि रक्तगट कळले ते १९०१ च्या सुमाराला, म्हणजे तिथे जिवाशी खेळ चालला होता हे आम्हा नर्सेसना लगेच कळलं. पण नंतर तो आर्थरला सांगतो की आता भरपूर पातळ पदार्थ घे, चहा, कॉफी, नाहीतर सरळ वाइन घे. आम्ही रक्तदात्यांना चहा-बिस्किट देतो ना, तेच. आयर्लंडची एक मुलगी माझ्या शेजारी होती, ती ओरडली, ‘बरोबर!’

आणि त्या लहान मुलीचा प्रसंग. टानिया तिचं नाव. रात्रीच्या वेळी कब्रस्तानात तिला लूसी घेऊन आलेली असते, लूसी जी आता माणूस राहिलेली नाही. व्हॅन हेल्सिंग लूसीला पळवून लावतो, आणि त्याच्यापुढे अजून रात्रीतलं सर्वांत वाईट काम उरलेलं असतं. पण आधी तो त्या पोरीजवळ बसतो, आपला केसाळ गळपट्टीचा कोट काढून तिच्या अंगावर घालतो, तू आता टेडी बेअरसारखी दिसतेस म्हणतो, क्रूस तिला देतो आणि इथेच बसून राहा सांगतो. एवढं झाल्यावर उठतो आणि कामाला जातो. चांगला सिस्टर-इन-चार्ज हेच करतो. पेशंट घाबरला असेल तर सुई मागे लपवून आधी त्याच्याशी बोलतो. मी त्या रात्री वर जाऊन झोपले, आणि कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा न रडता झोपले. हळवे का होतात विचारलंत, तर माझं कारण हे. दुसऱ्यांची दुसरी असतील.

आता भाऊजी. १९८२ च्या उन्हाळ्यात ते महिनाभर आमच्याकडे राहायला आले होते. इंजिनिअर, हुशार, पुण्यात चांगली नोकरी. टीव्हीवर रात्री ‘ड्रॅक्युला’ लागणार म्हणून मी ड्यूटी बदलून घेतली होती. आमच्या ह्यांचे दोन मित्रही जेवायला थांबले होते. मला मनापासून वाटत होतं की हे यांनी बघावं. भाऊजी पहिल्या दहा मिनिटांपासून बोलत राहिले. शेवटी व्हॅन हेल्सिंग त्या लांबलचक टेबलावरून धावत सुटतो, उडी मारून पडद्याला लटकतो, पडदा फाटून सकाळचं ऊन आत येतं, तो दोन मेणबत्तीदाण्यांचा क्रूस करून ड्रॅक्युलाला उन्हात रेटतो, ड्रॅक्युलाची राख होते, मागे फक्त अंगठी उरते. भाऊजी मोठ्याने म्हणाले, ‘वहिनी, पापडाचा चुरा झाला की हो!’ सगळे हसले. हेही हसले. मी भांडी घासायला आत गेले.

पुढे ती गोष्ट वाढत गेली. पापडाच्या चुऱ्याला रबरी वटवाघूळ चिकटलं. ‘आमच्या वहिनी तिकडे सिस्टर आहेत, आणि रात्री दोरीवरची वटवाघळं बघतात’, हे मी पुतण्याच्या लग्नात पंगतीत ऐकलं. गेल्या दिवाळीत घरच्या ग्रुपवर परत आलं.

तर पापडाच्या चुऱ्याबद्दलही सांगते. त्या शेवटातला काही भाग इंग्लंडच्या सेन्सॉरने तेव्हा काढायला लावला होता. जपानला गेलेली प्रत जास्त पूर्ण होती. तिची काही रिळं २०११ मध्ये टोकियोच्या चित्रपट संग्रहातून मिळाली, आणि २०१३ च्या ब्ल्यू-रेवर ते तुकडे आले. त्यात ड्रॅक्युला उन्हात स्वतःच्या चेहऱ्यावर हात फिरवतो आणि कातडी बोटांबरोबर सोलून येते. मी बर्न्सच्या वॉर्डातही काम केलंय. मला तिथे हसू आलं नाही. तुम्ही बघाल तर हीच प्रत बघा, कुठेतरी फुकट मिळणारी धुरकट प्रत नको.

कुशिंग आमच्यापासून सात मैलांवर राहायचा, व्हिटस्टेबलला, समुद्राकाठी. सहकलाकार त्याला ‘प्रॉप्स पीटर’ म्हणायचे, कारण त्याचे हात सतत एखाद्या वस्तूशी काहीतरी करत असायचे. १९५७ च्या ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये तो प्रेताचं डोकं कापतो आणि रक्ताचा हात नकळत स्वतःच्या कोटाच्या कॉलरला पुसतो. त्या एका पुसण्यात तो माणूस कुठपर्यंत गेलाय ते कळतं. हात कसा पुसायचा यावर आम्हाला मेट्रनने आठवडे घातले होते, त्यामुळे तो प्रसंग मी कधी विसरले नाही. सुट्टीच्या दिवशी मी कितीदा व्हिटस्टेबलला गेले. त्याने आणि त्याच्या बायकोने, हेलनने, गावाला दिलेलं एक बाक समुद्राकडे तोंड करून आहे, त्या जागेला ‘कुशिंग्ज व्ह्यू’ म्हणतात. तो मला एकदाही दिसला नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये तो कँटरबरीत गेला तेव्हा मी त्याच गावात दुसऱ्या ठिकाणी ड्यूटीवर होते आणि मला दुसऱ्या दिवशी रेडिओवर कळलं.

हेलन १९७१ च्या जानेवारीत गेली होती. चालू सिनेमाचं एका दिवसाचं काम करून तो बाहेर पडला. पुढे ‘ड्रॅक्युला ए.डी. १९७२’मध्ये त्याला मुलीच्या वडिलांऐवजी आजोबा करावं लागलं, इतका तो वर्षभरात म्हातारा दिसायला लागला होता. त्याच सुमाराचा ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ बघा, हॅमरचा नव्हे, अ‍ॅमिकस या दुसऱ्या कंपनीचा, पाच छोट्या गोष्टींचा. त्यातल्या एकीत तो ग्रिम्सडाइक नावाचा विधुर म्हातारा आहे. शेजारी त्याला घरातून घालवायला टपलेले असतात आणि तो बायकोच्या फोटोशी बोलत असतो. तिचं नावही हेलन. आमचे हे २०१३ मध्ये गेले. त्यानंतर मी ती गोष्ट एकदाच बघितली. भयपटात भावना नसते म्हणणाऱ्यांना मी ती बघायला सांगते, भाऊजींनाही सांगितली होती. त्यांनी बघितली नाही.

सुरुवात कुठून करावी, तर १९५८ चा ‘ड्रॅक्युला’. फक्त ८२ मिनिटांचा आहे. मग ‘कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’, मग १९६६ चा ‘द प्लेग ऑफ द झोंबीज’. पाच-सहा झाले की तुम्हाला तीच ती दारं, तेच जिने ओळखू यायला लागतील, कारण बरेचसे टेम्सकाठच्या ब्रे इथल्या एका जुन्या घरात आणि त्याच्या आवारात झाले आहेत. माहेरच्या घराचा जिना अंधारात पायाला कळतो तसं होतं ते. हॅमरबाहेरचा एकच घ्यायचा तर १९६१ चा ‘द इनोसंट्स’. भर दिवसा तळ्यापलीकडे लव्हाळ्यात एक काळ्या कपड्यातली बाई नुसती उभी असते. मला आजही तो एकटीने बघवत नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. हे सिनेमे संथ आहेत. बायकांना किंचाळणं आणि बेशुद्ध पडणं यापलीकडे फारसं काम नाही, आणि सत्तरनंतर तर त्यांचे कपडे उतरवण्यावरच भर आहे, ते मला तेव्हाही आवडलं नाही. मुलांना दाखवू नका, इंग्लंडातही त्यांना ‘एक्स’ प्रमाणपत्र होतं. ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’ नाव वाचून उत्सुकतेने लावू नका. ठगांवरचा सिनेमा आहे, १९५९ चा, तोही ब्रेलाच काढलेला, त्यात मुंबई नाही आणि आपली माणसंही फारशी नाहीत. आणि दचकायला होईल का, तर फारसं नाही.

थंडीत बघा, रात्री, दिवे घालवून. बरोबर कुणी असेल तर गप्प बसणारं असावं. आणि ८२ मिनिटांत तुम्हाला कुठेही वटवाघूळ दिसलं, तर ते कितव्या मिनिटाला दिसलं एवढं मला लिहून कळवा. मी तो आकडा त्याच दिवशी पुण्याला कळवीन, आणि भाऊजींची माफी मागेन.